दिलगिरीची पाठ

मी दिलगिरी. नाव ऐकून हसलात तरी चालेल, ते मी स्वतः ठेवून घेतलेलं नाही. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात तीनच शब्द आहेत, ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’. टीव्ही केंद्रात एवढं लांबलचक म्हणायला कुणाला वेळ नसतो. काही बिघडलं की हेडफोनमधून एकच हुकूम यायचा, ‘दिलगिरी लाव’. तेच माझं नाव पडलं.

तुमच्यातल्या थोरामोठ्यांना माझ्यासारखी पाटी नक्की आठवत असेल. मालिका ऐन रंगात आली की मी हजर. मग घरातलं कुणीतरी गच्चीवर धावायचं, अँटेना पिळायचं आणि वरून ओरडायचं, ‘आलं का?’ खालून उत्तर जायचं, ‘नाही, पाटीच आहे अजून.’ हजारो घरांत मी एकाच वेळी पोचत असे आणि एकाही घरात माझं स्वागत होत नसे. हे मला कसं कळलं म्हणाल, तर प्रेक्षकांची पत्रं माझ्यापासून दहा पावलांवर वाचली जायची. त्या पत्रांचीच ही हकिकत आहे.

केंद्र सुरू झालं त्याच आठवड्यात मी जन्मले. टेकडीवर मनोरा उभा राहिला होता, स्टुडिओच्या भिंतींना आवाज गिळणारे जाड तक्ते ठोकले होते, बातम्यांच्या टेबलाला ओल्या पॉलिशचा वास होता. सगळी तयारी झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की बिघाड झाला तर दाखवायचं काय? केंद्रातल्या चित्रकाराला धावतपळत बोलावलं. पांढरा पुठ्ठा कॅमेऱ्यात चकाकतो म्हणून त्यानं करडा पुठ्ठा कापला आणि अर्ध्या तासात मला उभं केलं.

घाईत त्यानं ‘दिलगिर’ असं ऱ्हस्व लिहिलं. पहिल्या चार दिवसांत मी तीनदा पडद्यावर गेले आणि पाचव्या दिवशी एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं: आपली दिलगिरी पोचली, मात्र ती ऱ्हस्व आहे, जमल्यास दीर्घ करावी. अख्खं केंद्र त्यावर दोन दिवस हसत होतं. चित्रकारानं मुकाट्यानं वेलांटी खरवडली आणि नवी काढली. हात लावून पाहिलंत तर ‘गी’ अजूनही थोडी फुगलेली लागेल.

माझी जागा स्टुडिओच्या कोपऱ्यात होती. तिथे एक लाकडी घोडी होती, समोर फक्त पाट्या टिपणारा एक जागचा न हलणारा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याशेजारी एक छोटा टीव्ही. घोडीच्या खाचेत पाटी सरकवायची. काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात बटण दाबलं की ती घरोघरी जायची. हे काम मामांचं. ते तिथे कुणाचेच मामा नव्हते, पण पहारेकऱ्यापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

काम नसताना आम्ही पाट्या एका लाकडी पेटीत उभ्या असायचो. माझ्या एका अंगाला ‘थोड्याच वेळात’, दुसऱ्या अंगाला ‘मध्यंतर’. कूस बदलायलाही जागा नाही. त्या दोघींना ठरलेल्या वेळी बाहेरची हवा मिळे. मला वेळच नव्हती. टेप अडकली, मनोऱ्याची वीज गेली, बातम्या वाचणाऱ्याला ठसका लागून तो टेबलाखाली गेला, असं कुणाचं काही बिनसलं तरच माझी सुटका; आणि सुटका तरी कसली, तर या खाचेतून त्या खाचेत. उजेडात जायचं आणि दुसऱ्याचं तोंड झाकून उभं राहायचं. माणसं याला नोकरी म्हणतात.

मामांची एक पद्धत होती. प्रत्येक व्यत्ययाची नोंद करावी लागे, पण नोंदवही काचेपलीकडे. मग मामा कानावरची पेन्सिल काढून माझ्या पाठीवरच लिहून ठेवत: वार, किती मिनिटं, कारण. ‘सोमवार, दोन मिनिटं, वीज.’ ‘गुरुवार, सहा मिनिटं, टेप.’ पाळी संपली की वहीत उतरवायचं आणि पाठ खोडरबरानं स्वच्छ पुसायची. अशी माझी पाठ कितीतरी वर्षं रोज लिहिली आणि रोज पुसली गेली. पुढून मी कायम तेच ते बोलत होते. खरं काय घडलं ते फक्त पाठीला माहीत असायचं, तेही पाळी संपेपर्यंत.

मला माझ्या शब्दांचा राग यायला लागला तो तिथूनच. ‘दिलगीर आहोत.’ कोण आहोत? वाक्यात कर्ताच नाही. माफी मागणारा माणूस कुठे आहे, त्याचं काय चुकलं, पुन्हा चुकणार नाही ना, यातलं काही नाही. आणि ‘व्यत्यय’ तरी कसा, तर आपोआप आलेला, पाहुण्यासारखा.

ताई आल्या तेव्हा केंद्राला सहा-सात वर्षं झाली असतील. कॉलेज नुकतंच संपलेलं, चालणं असं की दार उघडायच्या आतच त्या आत असायच्या. दर मंगळवारी संध्याकाळी त्या प्रेक्षकांची पत्रं वाचून उत्तरं द्यायच्या. अर्धा तास, थेट प्रक्षेपण. आधीचे गृहस्थ फक्त कौतुकाची पत्रं वाचत. ताईंनी पहिल्याच मंगळवारी एका गृहस्थाचं पत्र वाचलं, की तुमचे विनोदी कार्यक्रम पाहून आमच्या घरात भांडणं होतात, कारण हसायचं कुठे यावर एकमत होत नाही. मामा कोपऱ्यात तोंडावर हात धरून हसत होते.

मामांचा त्यांच्यावर जीव होता. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा लाल दिवा पेटला की आपण घराघरांत आहोत, विझला की नाही, हे मामांनीच त्यांना शिकवलं. ‘दिव्याशी बोल, बाई. दिवा म्हणजे लोक.’ ताई दिव्याशी बोलायला शिकल्या.

पुढे त्या दिव्यानं कुरकुर सुरू केली. मध्येच विझायचा, लोक गडबडायचे. वायरमननं वैतागून त्याची तार सरळ मुख्य बटणाला जोडून टाकली. स्टुडिओ उघडला की दिवा पेटणार, बंद केला की विझणार. तात्पुरतं होतं ते. केंद्रात तात्पुरतं म्हटलेलं सगळं कायमचं व्हायचं. कॅमेरामन म्हणायचा, हा दिवा आता आमच्या लग्नापर्यंत पेटलेला राहणार. सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली, की तो खोटा आहे हेच विसरून गेले.

त्याच सुमाराला ते पत्र आलं. शहराबाहेरच्या एका वस्तीतून, एका आईनं लिहिलेलं, वहीच्या फाडलेल्या पानावर. वस्तीच्या नळाला गढूळ, वास मारणारं पाणी येत होतं. आणि आमच्याच केंद्रानं बातम्यांत सांगितलं होतं, की पाणी तपासलं, ते स्वच्छ आहे. तपासलं कुणी? कुणीच नाही. पाणी खात्यानं पाठवलेला कागद वाचून दाखवला होता.

ताईंनी पत्र साहेबांना दाखवलं. साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. ते म्हणाले, खात्याचं उत्तर येऊ दे, पुढच्या मंगळवारी वाच. पुढच्या मंगळवारी तेच म्हणाले. तिसऱ्या मंगळवारीही तेच. चौथ्या मंगळवारी ताईंनी विचारलं नाही. पत्र घडी करून मुठीत धरून त्या टेबलाकडे निघाल्या, आणि जाता जाता मामांना एवढंच म्हणाल्या, की आज वाचते.

मामांनी कानावरची पेन्सिल चाचपली.

दोन पत्रं नेहमीसारखी झाली. तिसरं ताईंनी उलगडलं आणि पहिली ओळ वाचली: ‘तुमच्या बातम्यांत सांगितलंत की आमच्या नळाचं पाणी स्वच्छ आहे.’ तेवढ्यात मामांच्या हेडफोनमध्ये हुकूम आला. आवाज रोजचा नव्हता, साहेबांचा होता.

‘दिलगिरी लाव.’

मामांनी हळूच विचारलं, ‘काय बिघडलंय, साहेब?’

‘अजून काही नाही. तू लाव.’

मला पेटीतून काढताना मामांचा अंगठा माझ्या कडेवर घसरला. पहिल्या खेपेला मी खाचेत बसलेच नाही, दुसऱ्यांदा बसले. समोरच्या छोट्या टीव्हीवर मी मला पाहिलं, ठळक, सरळ, दीर्घ वेलांटीसकट. स्टुडिओचा आवाजही तोडला होता. घरोघरी आता फक्त मी होते, मुकी.

आणि माझ्या पाठीमागे ताई वाचत होत्या. लाल दिवा पेटलेला होता ना.

त्यांनी सगळं पत्र वाचलं. माझ्या मुलीच्या वर्गातली नऊ मुलं अंथरुणाला खिळली आहेत. आम्ही पाणी उकळून पितो, तरी वास जात नाही. तुमच्या माणसानं इथे यावं, आमच्या ओट्यावर बसून एक पेला प्यावा आणि मग पुन्हा सांगावं, स्वच्छ आहे म्हणून. ताईंनी पत्र खाली ठेवलं. मग दिव्याकडे पाहत म्हणाल्या, की ती बातमी देताना आम्ही पाणी पाहिलंसुद्धा नव्हतं. ती बातमी मी लिहिलेली नाही, पण मी याच केंद्राची आहे. म्हणून तुमची माफी मागते, मी दिलगीर आहे.

आहोत नाही. आहे.

माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढी एकच खरी दिलगिरी त्या इमारतीत झाली, आणि मी तिच्यापुढे आडवी उभी होते. मला पडता आलं असतं तर मी पडले असते. पण खाच घट्ट होती. मामा ताईंच्या समोरच्या बाजूला, दहा पावलांवर होते. हात वर केला असता तरी ताई थांबल्या असत्या. मामांनी हात वर केला नाही. अकरा मिनिटं ते माझी कड धरून उभे राहिले, जणू मी पळून जाणार होते.

कार्यक्रम संपला. ताई उठून थेट कोपऱ्यात आल्या. चेहरा असा लखलखत होता की तो विझवायला कुणालाही जड जावं.

‘गेलं ना, मामा? सगळं गेलं?’

‘नाही गेलं, ताई. केबल गेली मध्येच.’

‘कधी?’

‘पहिल्या ओळीनंतर.’

ताईंनी दिव्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या हसल्यासुद्धा. तिथल्या दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी उलटसुलट विचारून त्याचा जीव खाल्ला असता. पण मामांनी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, पुढच्या मंगळवारी वाचू.

त्या गेल्यावर मामांनी माझी पाठ वर केली आणि पेन्सिल काढली. एरवी तीन-चार शब्दांवर थांबणारा हात त्या दिवशी थांबेना. मग ते काचेपलीकडे गेले आणि वहीत लिहिलं, ‘मंगळवार, अकरा मिनिटं, केबल.’ परत येऊन खोडरबर हातात घेतलं. माझ्या पाठीवर टेकवलंही. आणि मग न पुसताच मला पेटीत ठेवून दिलं. त्यानंतरच्या नोंदी ते चिठोऱ्यावर करू लागले.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या पाच-सहा बायका फाटकाशी आल्या. पत्र लिहिणारी पुढे होती, काटक, आवाज न चढवता बोलणारी. तिचं म्हणणं एवढंच, की वाचायचं नव्हतं तर पहिली ओळ तरी कशाला वाचलीत? आता खात्याची माणसं आम्हालाच दटावून गेली. ताई तिला हाताला धरून आत घेऊन आल्या. कॅमेरा दाखवला, तो दिवा दाखवला, आणि कोपऱ्यात आणून म्हणाल्या, ‘माझ्यावर नसेल विश्वास तर यांना विचारा. हे इथेच उभे होते.’

त्या बाईनं मामांना विचारलं, ‘खरंच बिघाड झाला होता का हो?’

मामांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे. साहेबांनी सकाळीच त्यांना बोलावून आठवण करून दिली होती, की निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, राहायचं घर केंद्राचं आहे. मी पेटीत ‘मध्यंतर’ला चिकटून उभी. पाठीवर उत्तर लिहिलेलं, आणि पाठ दुसरीच्या पाठीला लागलेली.

‘झाला होता,’ मामा म्हणाले.

‘बरोबर आमच्याच पत्राला,’ ती बाई म्हणाली. मग ताईंकडे वळली. ‘चेहरा साधा आहे तुमचा. म्हणूनच बसवत असतील तुम्हाला इथे.’

पुढच्या मंगळवारी पत्र सापडलं नाही. साहेबांच्या फाइलीत गेलं होतं आणि फाइल खात्याकडे. ताईंच्या हातात एक वाक्य देण्यात आलं आणि त्यांनी ते वाचलं: गेल्या मंगळवारी तांत्रिक बिघाडामुळे व्यत्यय आला. मामांच्या शब्दावर विश्वास ठेवून वाचलं. म्हणजे खोटं मामा बोलले आणि लोकांच्या डोळ्यांसमोर खोट्या ठरल्या ताई.

दोन महिन्यांनी रस्ता खणला तेव्हा सांडपाण्याची नळी पिण्याच्या नळीत झिरपताना दिसली. आमच्या केंद्रानं ती बातमी सगळ्यांच्या आधी दिली आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. ताई तेव्हा त्या वस्तीत गेल्या होत्या. परत आल्यावर मामांजवळ बसून एवढंच म्हणाल्या, की एकाही दारात मला बस म्हटलं नाही. मामा चहा आणायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. पुढे ताईंनी पत्रांचा कार्यक्रम सोडला, वर्षभरात नोकरीही सोडली आणि कुठल्याशा शाळेत शिकवायला लागल्या.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला पेटीतून काढलं, पाठीवरची धूळ फुंकली, बराच वेळ वाचलं आणि परत ठेवलं. मला वाटलं होतं, बरोबर नेतील. एखाद्या माणसाला खरं बोलायला किती वेळ द्यावा? मी पुठ्ठा आहे, मला घाई करता येत नाही. तुम्हाला येते, तरी तुम्ही करत नाही.

मग अक्षरं यंत्रावर उमटायला लागली. पाट्या, घोडी, पेटी सगळं अडगळीत गेलं. केंद्राला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कुणाला तरी इतिहासाची आठवण झाली आणि मला चौकटीत घालून पाहुण्यांच्या खोलीबाहेर टांगलं. पुढे काच, मागे खाकी कागद डकवून चारी बाजूंनी खिळे. पाठ भिंतीला. खाली पितळी पट्टी: ‘आपली चूक मान्य करणारे केंद्र’. पाहुणे माझ्यासमोर रडवेलं तोंड करून फोटो काढतात. पेटीत निदान मधूनमधून बाहेर काढायचे. इथे मी दिवसभर उजेडात होते आणि कोंडलेली होते.

आता केंद्राला पन्नास वर्षं झाली. त्यावर एक फिल्म होते आहे. आताच्या प्रमुखांनी ताईंना फोन केला. मी टांगलेय तिथेच ते फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होते. म्हणाले, तो केबलचा किस्सा सांगा ना, दिवा पेटलेला आणि तुम्ही एकट्याच बोलताय, लोकांना जाम मजा येईल. ताई पलीकडून काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण हो म्हणाल्या असाव्यात, कारण आज त्या येणार आहेत.

सकाळी टेपांच्या खोलीतल्या बाईंनी मला भिंतीवरून उतरवलं. काचेतून माझी प्रत नीट निघत नव्हती, म्हणून त्यांनी खिळे उपसले, खाकी कागद फाडला आणि मला प्रत काढायच्या यंत्रावर पालथं ठेवलं. माझं तोंड यंत्राच्या काचेला लागलं. मला काही दिसत नाही. पण कितीतरी वर्षांनी पाठीला वारा लागतोय.

झाकण अर्ध्यावर येऊन थांबलं. बाई पुटपुटत वाचत होत्या. मग त्यांनी प्रमुखांना फोन लावला, की मागे पेन्सिलीनं काही लिहिलंय. थोडा वेळ ऐकून घेतलं. ‘हो, पुढचीच बाजू हवी आहे, समजलं,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. झाकण मात्र लावलं नाही. खुर्ची ओढून बसून राहिल्या.

दार उघडलं ते त्याच जुन्या घाईनं. पावलं तेवढी जड झाली होती. ताई म्हणाल्या, ‘मी आले बाई तुमचा किस्सा सांगायला. कुठे बसायचं?’

‘बसा नंतर. आधी हे वाचा,’ बाई म्हणाल्या. ‘चष्मा आहे ना?’

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग ताई वाचायला लागल्या, मंगळवारी वाचायच्या तसंच, प्रत्येक शब्द सुटा:

‘मंगळवार, अकरा मिनिटं. केबल ठीक. व्यत्यय आला नाही, आणला. सांगितलं साहेबांनी, लावला मी. ताईनं सगळं पत्र वाचलं आणि माफीही मागितली. मी ऐकलं.’

मग ताईंचं बोट माझ्या पाठीवरून फिरलं, अगदी हलकं, पेन्सिल पुसू नये म्हणून.

‘मला सांगायचं होतंत, मामा,’ त्या म्हणाल्या. ‘पाटीला काय सांगता.’

बाईंनी विचारलं, शूटिंग पुढे ढकलू का? ताई म्हणाल्या, नको, आजच करू. पण आधी या बाजूची प्रत काढा, मोठी, वाचता येईल अशी. एक माझ्यासाठी आणि एक त्या वस्तीतल्या बाईंसाठी. त्या असतील की नाही देव जाणे, पण त्यांची ती मुलगी तरी असेल. आणि तुमच्या प्रमुखांना सांगा, किस्सा मी तिथे ओट्यावर बसून सांगेन. त्यांनी बसू दिलं तर.

म्हणजे आता मला उलटं करतील. पाठ काचेला लागेल आणि मला छत दिसेल, ताईंचा म्हातारा झालेला चेहरा दिसेल. त्यानंतर माझं काय होईल ते प्रमुख ठरवतील. कदाचित पुन्हा चौकट, पुन्हा खाकी कागद, पुन्हा चार खिळे.

मी एक पुठ्ठा. तुमच्याकडे मागण्यासारखं माझ्यापाशी फार नाही. कधी या केंद्रात आलात आणि पाहुण्यांच्या खोलीबाहेर मी दिसले, तर फोटो काढायच्या आधी तिथल्या माणसाला एक सांगा. पाटी टांगायचीच असेल तर टांगा, पण तोंड भिंतीकडे करून टांगा.